मुंबईत पूर्ण मॅरेथॉन धावताना वेग राखून कसा धरावा

मुंबई मॅरेथॉनच्या रूढ मार्गावर पेडर रोडचा चढ दोनदा लागतो. जाताना अंधार असतो, पाय ताजे असतात आणि गर्दीच्या ओघात तो चढ कधी संपला हेही लक्षात येत नाही. परतताना तोच चढ साधारण पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास समोर येतो, तेव्हा ऊन चढलेले असते, मांड्या जड झालेल्या असतात आणि आपल्या पुढचे निम्मे धावक चालू लागलेले दिसतात. ४२.१९५ किलोमीटरांची आखणी सुरुवातीच्या रेषेपासून न करता या दुसऱ्या चढापासून मागे येत करावी, असे माझे मत आहे. त्या चढाच्या पायथ्याशी आपण कोणत्या अवस्थेत असायला हवे हे आधी ठरवावे आणि मग तिथवरचा वेग त्याला जुळवून घ्यावा.

सुरुवातीला हात राखून धावण्यामागे साधा हिशेब आहे. शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवते, म्हणजे अंदाजे २,००० किलोकॅलरी. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, त्यामुळे ७० किलो वजनाच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी २,९०० किलोकॅलरींहून अधिक लागतात. उरलेली गरज चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या साखरेतून भागते; पण चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते आणि वेग जसा वाढतो तसा ग्लायकोजेनचा वाटा वाढत जातो. म्हणूनच पहिल्या दहा किलोमीटरांत दर किलोमीटरला २० सेकंद जास्त वेगाने धावणाऱ्याला त्या क्षणी काहीच जाणवत नाही, आणि त्याची किंमत त्याला तीन तासांनंतर मोजावी लागते. ग्लायकोजेन संपत आल्यावर पाय एकाएकी साथ सोडतात, धावक ज्याला ‘वॉल’ म्हणतात; ती बहुतेक वेळा सकाळच्या पहिल्या तासातच उभी केलेली असते.

पहिले काम प्रामाणिक लक्ष्य ठरवण्याचे. गेल्या दोन-तीन महिन्यांत मन लावून धावलेल्या अर्धमॅरेथॉनची वेळ घ्यावी. पीटर रिगेल या अमेरिकी अभियंत्याचे जे सूत्र अनेक पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) कॅल्क्युलेटर वापरतात, त्यानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे २.०८५ पट होते. २ तास ५ मिनिटांत अर्धमॅरेथॉन धावणाऱ्याला ते सुमारे ४ तास २१ मिनिटे दाखवते. आठवड्याला ४०-५० किलोमीटर धावणाऱ्या नोकरदार माणसासाठी हे सूत्र उदार ठरते, असा माझा अनुभव आहे. पहिलीच पूर्ण मॅरेथॉन असेल तर अर्धमॅरेथॉनची वेळ दुप्पट करून त्यात २० मिनिटे मिळवावीत, म्हणजे या उदाहरणात ४ तास ३० मिनिटे. त्यावर मुंबईच्या दमट हवेसाठी आणखी पाच मिनिटे ठेवावीत. पुणे-नाशिककडच्या धावकांनी ही पाच मिनिटे तर अजिबात वगळू नयेत. जानेवारीतल्या कोरड्या, गार पहाटेला सरावलेल्या शरीराला त्याच महिन्यात मुंबईत अंगावर न वाळणारा घाम अनोळखी असतो.

आता ४ तास ३५ मिनिटांची आखणी पाहू. पहिले ५ किलोमीटर दर किलोमीटरला ६:४० (६ मिनिटे ४० सेकंद) या पेसने धावावेत, त्यांना ३३ मिनिटे २० सेकंद लागतात. पाचव्या किलोमीटरपासून तिसाव्यापर्यंत पेस ६:३० ठेवावा. अर्धे अंतर २ तास १८ मिनिटांच्या सुमारास पार होईल आणि तिसावा किलोमीटर ३ तास १५ मिनिटे ५० सेकंदांना येईल. उरलेले १२.१९५ किलोमीटर त्याच ६:३० ने निभावले तर एकूण वेळ ४:३५:०६ होते. अंगात जोर शिल्लक असेल आणि ६:२० जमले तर ४:३३, आणि चढ व उन्हामुळे सरासरी ६:४५ वर घसरली तरी ४:३८. म्हणजे शेवट चांगला झाला काय किंवा वाईट झाला काय, फरक पाचएक मिनिटांचाच पडतो.

याउलट ‘आधी वेळ कमावून ठेवू’ असे म्हणणारा धावक ३० किलोमीटर ६:०५ ने जातो, तेव्हा आपल्यापेक्षा तो १३ मिनिटे २० सेकंद पुढे असतो आणि त्याला ती शिल्लक वाटते. पुढे चालणे-धावणे करत त्याचा पेस ८:०० वर गेला, आणि ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे, तर शेवटच्या टप्प्यात तो १८ मिनिटांहून अधिक गमावतो. वेळ तर जातोच, शिवाय मरीन ड्राइव्हवर पायांत गोळे घेऊन लंगडावे लागते ते वेगळे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते आणि जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे आपल्या धावकाचे अर्धे अंतर पुरे होते तेव्हा नेमका सूर्योदय होत असतो आणि दुसरा अर्धा भाग सगळा उन्हात जातो. मग गार वेळेचा फायदा का घेऊ नये? घ्यावा, पण मर्यादेत. केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत २:००:३५ असा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ६०:४८ चा आणि दुसरा ५९:४७ चा होता. मात्र तो मार्ग सपाट होता आणि हवा थंड होती. मुंबईत दुसरा भाग पहिल्यापेक्षा जलद धावण्याचा हट्ट हौशी धावकाने धरू नये. दोन्ही भाग सारखे झाले तर उत्तम, दुसऱ्याला तीन-चार मिनिटे जास्त लागली तरी आखणी फसली असे मानू नये. हात राखायचा तो पहिल्या पाच ते आठ किलोमीटरांत, कारण तिथे त्याची किंमत जेमतेम मिनिटभर असते. त्यानंतर वेगापेक्षा श्रम सारखे ठेवण्याकडे लक्ष द्यावे.

श्रम मोजण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे बोलणे. विसाव्या किलोमीटरपर्यंत शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात, मध्ये धाप न लागता बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर घड्याळ काहीही सांगो, वेग जास्त आहे. हृदयगती पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की दमट हवेत त्याच पेसला ती तासागणिक हळूहळू चढत जाते. त्यामुळे सुरुवातीला ती मर्यादेच्या बरीच खाली असायला हवी, नाहीतर पुढच्या वाढीला जागाच उरत नाही.

घड्याळाचीही एक गफलत समजून घ्यावी. मॅरेथॉनचा मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो, आपण मात्र वळणे बाहेरून घेतो आणि लोकांना चुकवत आडवेतिडवे धावतो, त्यामुळे जीपीएस घड्याळ शेवटी ४२.५ किंवा ४२.७ सुद्धा दाखवते. उंच इमारतींमध्ये आकडे आणखी भरकटतात. म्हणून ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप किलोमीटर मोजून वेळ नोंदवणे) बंद ठेवून रस्त्यावरच्या किलोमीटर फलकापाशी हाताने लॅप घ्यावा आणि ५, १०, २१, ३० व ३५ किलोमीटरच्या अपेक्षित वेळा मनगटावरच्या पट्टीवर लिहून ठेवाव्यात. थकलेल्या मेंदूला बेरीज जमत नाही, हे तिसाव्या किलोमीटरनंतर प्रत्येकाला कळते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहताना आपल्या वेळेच्या गटातच, शक्यतो मागच्या बाजूला राहावे. रेषेपर्यंत पोहोचायला काही मिनिटे गेली तरी धावकाजवळच्या चिपने नोंदवलेली वेळ आपण रेषा ओलांडल्यापासून धरली जाते, तेव्हा तो उशीर भरून काढण्याच्या भरात पहिला किलोमीटर फुटपाथवरून उड्या मारत गाठण्याचे कारण नाही. गर्दीने आपल्याला अडवणे हे या टप्प्यावर उपकारच समजावेत. पेसरच्या ‘बस’मध्ये, म्हणजे ठरावीक वेळेसाठी वेग राखून नेणाऱ्या धावकामागच्या घोळक्यात, जायचे असेल तर बस सारख्या वेगाने जाणार की ठरावीक अंतराने चालणार, हे आधी विचारून घ्यावे. काही उत्साही पेसर सुरुवातीलाच एक-दोन मिनिटे पुढे काढतात. अशा वेळी बस सोडून आपल्या पट्टीवर विश्वास ठेवावा.

सी लिंकवर आत्मसंयमाची खरी परीक्षा असते. एरवी पायी जाण्यास मनाई असलेला ५.६ किलोमीटरचा पूल, समोर उजळत जाणारे आकाश आणि चहूबाजूंनी समुद्र यांमुळे पेस नकळत ६:१५ वर येतो. तिथे दर फलकापाशी घड्याळ पाहून स्वतःला आवरावे. फोटो काढायचाच असेल तर बाजूला होऊन काढावा. वीस सेकंद गेल्याने काही बिघडत नाही, ते भरून काढायला पळाल्याने बिघडते.

खाण्यापिण्याचा क्रम वेगाशी जोडलेला आहे. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. धावताना घ्यायच्या गोड, दाट जेलच्या एका पाकिटात बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ३०-४० मिनिटांनी एक. पहिले पाकीट भूक लागण्याची वाट न पाहता पाऊण तासाच्या आत घ्यावे, त्यावर साधे पाणी प्यावे. पाण्याच्या टेबलापाशी २०-३० पावले चालत पिणे धावत सांडण्यापेक्षा फायद्याचे. मात्र तहान नसताना प्रत्येक टेबलावर बाटलीभर पाणी ढोसू नये; रक्तातले सोडियम त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रस्त्याकडेचे मुंबईकर मोठ्या प्रेमाने संत्री, केळी, चिक्की पुढे करतात, त्यातले सरावात खाल्लेले असेल तेवढेच घ्यावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. घाम गाळत असताना तिचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी असे करत वरळीकडे परतताना ऊन लागू लागते. टोपीवर पाणी घ्यावे, मानेवर ओतावे, सावलीची बाजू धरावी. हाजी अलीपाशी पट्टी पाहावी. पेडर रोडवर पेस सोडून द्यावा आणि पावले आखूड करून श्रम सारखे ठेवावेत. किलोमीटरला ३०-४० सेकंद जास्त गेले तरी चालतील. धावणे अशक्य वाटले तर शंभर पावले धावून वीस पावले झपाझप चालण्याचा क्रम चढ संपेपर्यंत ठेवावा. केम्प्स कॉर्नरनंतर उतार लागला की लांब ढांगा टाकण्याचा मोह आवरावा, थकलेल्या मांड्यांत गोळे नेमके तिथेच येतात. राखलेले खर्च करायचे ते चौपाटी ओलांडल्यावर, मरीन ड्राइव्हवर. चक्कर, छातीत दुखणे, उन्हात अंगावर शहारे येणे किंवा दिशाभ्रम होणे यांपैकी काहीही जाणवले तर थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

हे सारे शर्यतीच्या दिवशी प्रथमच जमत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत किमान तीन लाँग रन (लांब पल्ल्याचे सराव) याच पद्धतीने करावेत: ३० किलोमीटरांपैकी पहिले २२ शर्यतीच्या पेसपेक्षा ३०-४० सेकंद सावकाश आणि शेवटचे ८ शर्यतीच्या पेसने. मुंबईत राहणाऱ्यांनी त्या शेवटच्या आठांत पेडर रोड बसवावा, इतरांनी घराजवळचा एखादा चढ. गटातले मित्र पुढे निघून गेले तरी मागे राहण्याची सवय याच सरावांत लागते.

शर्यतीनंतर अधिकृत टप्पावार वेळा उतरवून घ्याव्यात. तिसाव्या किलोमीटरपर्यंतचा सरासरी पेस आणि त्यानंतरचा पेस यांत २० सेकंदांपेक्षा कमी फरक असेल तर पुढच्या वर्षी लक्ष्य पाच मिनिटांनी खाली आणावे. फरक मिनिटाहून जास्त असेल तर लक्ष्य तेच ठेवून पहिले दहा किलोमीटर आणखी १० सेकंदांनी सावकाश करावेत.