हस्त बहाराची छाटणी : कात्री प्रत्येक झाडागणिक बुडवा, नाहीतर तेल्या ओळीने पुढे जाईल

हस्त बहार, म्हणजे हस्त नक्षत्राच्या सुमाराचा फुलोरा, धरणाऱ्या डाळिंब बागांत येत्या पंधरवड्यात छाटणीला सुरुवात होईल आणि परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. छाटणीच्या ताज्या जखमा आणि त्यांवर वाऱ्याबरोबर येणारा हस्ताचा पाऊस, याहून मोठी संधी तेल्या रोगाच्या जिवाणूला वर्षभरात मिळत नाही. म्हणून खत, पाणी, पानगळ यांच्या तपशिलात शिरण्यापूर्वी एकच गोष्ट सांगतो आणि या लेखात ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री निर्जंतुक झाली पाहिजे. मी पाहिलेल्या बागांपैकी ज्या तेल्याने हातच्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकांत औषधे कमी पडली नव्हती, कात्री बुडवायची राहिली होती.

काही वर्षांपूर्वी सांगोल्याकडील एका बागेत छाटणीनंतर महिन्याभराने गेलो होतो. चार मजुरांनी चार ओळी धरून छाटणी केली होती. त्यांपैकी एका ओळीच्या तोंडाशी खोडावर जुना, काळपट, तडकलेला चट्टा असलेले झाड होते, आणि त्या झाडापासून पुढे त्याच ओळीतील झाडांच्या नव्या फुटीवर पेरांपाशी काळे डाग दिसत होते. जसजसे पुढे जावे तसतसे ते विरळ होत गेले होते. शेजारच्या तिन्ही ओळी त्या दिवशी स्वच्छ होत्या. पाऊस सर्व ओळींवर सारखाच पडला होता आणि फवारणीही एकाच ब्लोअरने झाली होती, वेगळी होती ती फक्त हातातली कात्री. हा काही विद्यापीठाचा प्रयोग नव्हे, एका बागेतले निरीक्षण आहे. मात्र त्यानंतर मी जिथे जिथे ओळीने चाललेला तेल्या पाहिला, तिथे पहिला प्रश्न छाटणीच्या टोळीविषयीच विचारला आणि बहुतेक वेळा उत्तर तेच मिळाले.

याचे कारण जिवाणूच्या स्वभावात आहे. तेल्याचा जिवाणू, म्हणजे झॅन्थोमोनास, हा बुरशीसारखा पानाची साल भेदून आत शिरू शकत नाही. त्याला उघडे दार लागते. पानावरील सूक्ष्म रंध्रे हे एक दार, फुलकिड्यांनी खरवडलेली फळाची साल हे दुसरे, वाऱ्याने हलणाऱ्या फांदीचा काटा शेजारच्या फळात घुसतो ते तिसरे, आणि आपण स्वतः कात्रीने उघडतो ते सर्वांत रुंद असे चौथे. एकदा आत शिरला की तो पेशींच्या मधल्या पोकळीत राहून आपली प्रथिने थेट पेशींत सोडतो, झाडाची प्रतिकारयंत्रणा दुबळी करतो आणि दमट, उबदार हवेत झपाट्याने वाढतो. पानावर सुरुवातीला दिसणारा तेलकट, पाणी मुरल्यासारखा डाग त्यातूनच येतो आणि रोगाचे नावही त्यावरूनच पडले आहे. पुढे डाग तपकिरी-काळा होतो, भोवती पिवळी कडा येते, पेरे काळी पडून फांदी तिथेच मोडते आणि फळाची साल इंग्रजी एल किंवा वाय अक्षराच्या आकारात तडकते. अशा तडकलेल्या फळाला बाजारात कोणी विचारत नाही.

भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. पुढे गणेश आणि भगवा या वाणांवर सोलापूर, सांगली आणि नाशिक जिल्ह्यांत डाळिंब पसरले, तसा गुटीच्या, म्हणजे फांदीलाच मुळे फोडून केलेल्या, रोपांबरोबर आणि छाटणीच्या टोळ्यांबरोबर रोगही पसरत गेला. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. त्या केंद्राच्या शिफारशींमध्ये कात्रीचे निर्जंतुकीकरण पूर्वीपासून आहे. शिफारस नवी नाही आणि महागही नाही. ती पाळली मात्र जात नाही.

न पाळण्याचे कारण मजुराचा आळस नव्हे. छाटणी आपण उक्ती देतो, झाडामागे दर ठरवतो, आणि मग मजुराने दर झाडाला थांबून कात्री बुडवावी अशी अपेक्षा करतो. ज्याला झाडे मोजून पैसे मिळतात तो थांबणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. एकरी साधारण ३०० झाडे धरली आणि एका झाडामागे अर्धा मिनिट दिला, तरी एकराला अडीच तास होतात. हे अडीच तास मालकाने वेगळे मोजून द्यावेत, किंवा छाटणी रोजाने करून घ्यावी. फळ पोसत असताना तेल्यासाठी जी एक जादा फवारणी करावी लागते, तिच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

पद्धत अशी ठेवावी. प्रत्येक मजुराला दोन कात्र्या द्याव्यात, एक हातात आणि दुसरी द्रावणाच्या बादलीत. झाड संपले की हातातली बादलीत टाकायची आणि बादलीतली घ्यायची, म्हणजे थांबावेही लागत नाही आणि पात्याला भिजायला पुरेसा वेळही मिळतो. द्रावण सोडियम हायपोक्लोराइटचे, अडीच टक्के तीव्रतेचे असावे. बाजारातील कॅन दहा टक्क्यांचा असेल तर एक भाग हायपो आणि तीन भाग पाणी घ्यावे. चीक आणि भुसा मिसळला की द्रावणातील क्लोरीनची शक्ती जाते, म्हणून गढूळ दिसले की ते बदलावे, आणि तसे दिसले नाही तरी दुपारी नवे करावे. हायपोने पाते गंजते, तेव्हा संध्याकाळी कात्री साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी. हातमोजे घालावेत आणि हे द्रावण कोणत्याही आम्लात मिसळू नये. टोळी दुसऱ्याच्या बागेतून थेट आपल्या बागेत येत असेल तर तिच्या पिशवीतील कात्र्या, करवती आणि दोऱ्या बांधावरच बुडवून घ्याव्यात. यात कोणाचाही अपमान नाही.

रोगट फांदी कापताना डागाच्या खाली किमान दोन इंच निरोगी लाकूड घेऊन कापावी, कारण जिवाणू डोळ्याला दिसणाऱ्या डागाच्या पुढे गेलेला असतो. रोगट झाडे शक्यतो शेवटी छाटावीत. खोडावरील चट्टे खरवडून त्यावर मोरचूद आणि चुन्याची दहा टक्के बोर्डो पेस्ट लावावी. छाटलेल्या काटेरी फांद्या बांधावर कुंपण म्हणून रचण्याची आपल्याकडे सवय आहे, ती या रोगापुरती तरी सोडावी लागेल. गळलेल्या पानांत आणि फांद्यांत हा जिवाणू कित्येक महिने जगतो आणि पुढच्या पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पुन्हा झाडावर चढतो. कचरा त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन जाळावा किंवा खोल खड्ड्यात पुरावा.

आता हवामानाचे. दोन दिवस कोरडे मिळतील असा अंदाज असेल तरच छाटणी सुरू करावी, आणि जेवढी झाडे छाटली तेवढ्यांवर त्याच संध्याकाळी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. दहा एकर छाटून झाल्यावर एकदम फवारणी करू, असे म्हणणाऱ्यांच्या जखमा चार-चार दिवस उघड्या राहतात. मृग बहारात ज्यांच्या बागेत तेल्या जोरात होता त्यांनी या वर्षी घाई न करता बागेला तीन ते चार महिन्यांची पूर्ण विश्रांती द्यावी. माझा स्वतःचा अनुभव असा की वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या, पश्चिमेकडच्या पहिल्या दोन ओळींत डाग आधी दिसतो. त्यामुळे पाहणी तिथूनच सुरू करावी.

नेहमीची कामे थोडक्यात :

– बोर्डो मिश्रण, एक टक्का : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. लोखंडी भांडे वापरू नये. स्वच्छ लोखंडी सळई बुडवून पाहावी, तांबूस थर आला तर चुना वाढवावा. त्याच दिवशी संपवावे.
– बोर्डो पेस्ट, दहा टक्के : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.
– झाडाखालची जमीन : पाला गोळा केल्यावर ३३ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर हेक्टरी २५ किलो, १००० लिटर पाण्यातून.
– नवी फूट आल्यावर : कॉपर हायड्रॉक्साइड २ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड २ ते २.५ ग्रॅम प्रति लिटर.
– पुढील फवारण्या : दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने, पाऊस झाल्यास पाने सुकताच.
– फुलकिडे : निळे चिकट सापळे, नियमित पाहणी.

या यादीत स्ट्रेप्टोसायक्लिन नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे हे मिश्रण वर्षानुवर्षे आपल्या बागांत पुड्या मोजून फवारले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतील त्याच्या वापरावर बंदी आणण्याचा मसुदा आदेश काढला, कारण हीच प्रतिजैविके माणसाच्या, विशेषतः क्षयाच्या उपचारात लागतात. शिवाय जिवाणू त्यांना सरावतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नासपतीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा करप्याचा जिवाणू १९७१ सालीच आढळला होता. दुकानदार आजही ही पुडी, किंवा तिच्या जागी ‘खास बॅक्टेरियावर चालणारे’ म्हणून एखादी महागडी बाटली, हातात देतो. बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव आणि डाळिंबावरील शिफारस नसेल तर ती परत करावी. गेल्या हंगामात माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने अशा तीन बाटल्या घेतल्या. तिन्हींवर घटकाचे नाव नव्हते, आणि त्याच्या टोळीकडे हायपोची एक बादलीही नव्हती.

सर्वच जिवाणू शत्रू नसतात आणि त्यांतले काही आपल्या बाजूने लढवता येतात, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. झाडांना जिवाणूंमुळे रोग होतो ही गोष्टच मुळी १८७८ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय येथे टी. जे. बरिल यांनी नासपतीच्या करप्यावर काम करताना पुढे आणली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी ऑस्ट्रेलियात ॲलन कर यांनी के-८४ नावाचा निरुपद्रवी जिवाणू वापरून बदाम-पीचच्या मुळांवरील गाठी रोखून दाखवल्या. त्याची रीत विलक्षण आहे. के-८४ असे एक विष तयार करतो की गाठी करणारा जिवाणू ते स्वतःचे अन्न समजून आत घेतो आणि त्यानेच मरतो. परंतु यासाठी रोपाची मुळे लागवडीपूर्वी के-८४ च्या द्रावणात बुडवावी लागतात. गाठ एकदा धरली की तो काही करू शकत नाही. जखमेवर आधी कोण पोहोचतो, यावरच सारे ठरते. आपल्या कात्रीबाबत मी जे सांगतो आहे ते नेमके हेच आहे.

आपल्याकडे सहज मिळणारे मित्रजिवाणू म्हणजे स्युडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस. पहिला मुळांभोवती वसाहत करून मातीतील लोह आपल्याकडे बांधून ठेवतो, त्यामुळे रोगकारकांना लोह मिळत नाही, आणि झाडाची अंगची प्रतिकारशक्तीही जागी करतो. दुसरा रोगकारकांना मारक अशी द्रव्ये सोडतो आणि बीजाणूच्या रूपात उष्णता सोसतो, म्हणून सोलापूरच्या उन्हात तो अधिक भरवशाचा वाटतो, असा माझा अंदाज आहे. स्युडोमोनासची भुकटी हेक्टरी अडीच किलो, ५० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलाव्यावर मुळांच्या कक्षेत द्यावी. फवारणीसाठी लिटरला ५ ग्रॅम पुरेसे होते. ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर किमान पंधरा-वीस दिवस जाऊ द्यावेत आणि तांब्याच्या औषधासोबत एकाच टाकीत ही भुकटी कधीही मिसळू नये, कारण तांबे आणि क्लोरीन शत्रू-मित्र ओळखत नाहीत.

मित्रजिवाणूंचे पाकीट विकत घेताना निर्मितीची तारीख आणि प्रति ग्रॅम जिवाणूसंख्या पाहावी. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेल्या पाकिटात जिवंत काही उरलेले नसते, मग किंमत काहीही असो. कृषी विद्यापीठांची उत्पादने, उदाहरणार्थ परभणीच्या विद्यापीठाचे बायोमिक्स, ताजी मिळत असतील तर तीच घ्यावीत. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो : फळावर तेल्याचा डाग पडल्यानंतर कोणताही मित्रजिवाणू तो पुसून टाकत नाही. तसा दावा करणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

कागदी लिंबाच्या खैऱ्या रोगाचेही असेच आहे. त्याचा जिवाणू तेल्याच्याच जातकुळीतला असून पाने पोखरणाऱ्या अळीच्या जखमांतून तो आत शिरतो. लिंबाच्या छाटणीलाही हीच बादली चालते.

छाटणीनंतर नव्या फुटीची पाने तळहाताएवढ्या झुबक्यात दिसू लागली की रोज सकाळी पश्चिमेकडच्या ओळींत फिरावे. संशयित पान तोडून सूर्याकडे धरावे. डागातून प्रकाश आरपार येऊन तो तेलकट, काचेसारखा दिसला तर तेल्या समजावा. कोरडा, अपारदर्शक डाग बहुधा बुरशीचा असतो. डाग सापडलेल्या झाडाला लाल फडके बांधावे, पाने कोरडी असतानाच रोगट फूट काढून पिशवीत भरावी, त्या झाडाच्या आणि भोवतालच्या झाडांच्या नव्या फुटीवर त्याच दिवशी तांबेयुक्त फवारणी घ्यावी. आणि पिशवी घेऊन परत निघण्यापूर्वी हातातली कात्री बादलीत टाकावी.