थंडीच्या सकाळी गाडी सुरू होत नसेल तर बॅटरीची घरच्या घरी तपासणी

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक अंकी आकड्यावर उतरतो आणि द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. त्याच दिवसांत नाशिक शहरातही सकाळी चावी फिरवल्यावर नुसता ‘टक टक’ आवाज करून थांबणाऱ्या गाड्या वाढतात. थंडीमुळे बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरला (इंजिन फिरवणाऱ्या मोटरला) अधिक जोर लावावा लागतो, त्यामुळे एरवी कशीबशी निभावणारी बॅटरी नेमकी या दिवसांत दगा देते. तरीही नवी बॅटरी घेण्याची घाई करू नये, कारण पुष्कळदा दोष टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडल्या जातात त्या बॅटरीच्या टोकांवर, साचलेल्या पांढऱ्या-हिरवट थरात असतो.

मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचे व्होल्टेज आधी मोजावे. ते १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. १२ च्या जवळ किंवा त्याखाली असल्यास ती जवळजवळ उतरलेली असते आणि तिला चार्जिंगची गरज आहे.

टर्मिनल साफ करताना क्रम महत्त्वाचा आहे. गाडी बंद करून चावी काढावी, हातमोजे व चष्मा घालावा, अंगठी आणि कडे काढून ठेवावे आणि जवळपास विडी-सिगारेट पेटवू देऊ नये, कारण बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडू शकतो. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना चालतो. आधी उणे खुणेची वायर सोडवावी, मग अधिक खुणेची. उलट केल्यास अधिक टोकाला लावलेला पाना गाडीच्या पत्र्याला टेकून मोठी ठिणगी उडू शकते. त्यानंतर कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने थर घासावा. फेस येऊ लागला की आम्ल निष्प्रभ होत आहे असे समजावे, मात्र हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. ओल्या फडक्याने पुसून सर्व पूर्ण कोरडे करावे आणि क्लॅम्पची (टर्मिनलवर बसणाऱ्या वायरीच्या पकडीची) आतली बाजू काचपेपरने चकचकीत होईपर्यंत घासावी, कारण वीज तिथूनच वाहते आणि घाईत नेमकी तीच बाजू राहून जाते. जोडताना अधिक आधी, उणे शेवटी. क्लॅम्प हाताने हलत नाही इतपत आवळून वरून व्हॅसलिनचा पातळ थर लावावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर भरावे, नळाचे पाणी कदापि नाही.

इंजिन सुरू असताना व्होल्टेज साधारण १३.५ ते १४.५ दरम्यान यावे. ते येत नसेल तर अल्टरनेटर (इंजिन सुरू असताना बॅटरी चार्ज करणारे यंत्र) किंवा त्याचा पट्टा तपासणे आवश्यक आहे आणि ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतील नारिंगी वायरींना मात्र घरी हात लावू नये.

रोजचा प्रवास गंगापूर रोडवरून कॉलेज रोडपर्यंत इतकाच असेल, तर स्टार्ट करताना खर्च झालेली वीज भरून निघत नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवावे. बॅटरी खरोखरच संपली असेल तर जुनी भंगारात न टाकता नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. शिसे आणि आम्ल कचऱ्यात जात नाही आणि किमतीतही वजावट मिळते.