मोठ्या कॅमेऱ्याच्या जोडीला खिशातला कॅमेरा निवडताना

ज्याच्याजवळ चांगला मोठा कॅमेरा आधीपासून आहे, त्याने दुसरा छोटा कॅमेरा घेताना ‘सर्वांत चांगला कोणता’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. आपला मोठा कॅमेरा कोणत्या दिवशी कपाटातच राहतो, हे त्याने आधी पाहावे. आमच्या इंदूरपुरते बोलायचे तर दिवसा सोन्याचांदीच्या दुकानांचा असलेला सराफा रात्री खाण्याच्या गाड्यांनी भरतो आणि घरची मंडळी भुट्ट्याचा कीस खायला तिकडे निघतात. त्या गर्दीत दीड-दोन किलोचे ओझे खांद्यावर घेऊन एका हातात द्रोण सांभाळणे कोणालाही जमत नाही. साखरपुडा, सकाळचे फिरणे, दवाखान्यातून परतताना वाटेत दिसलेला सुंदर प्रकाश, हे सगळे त्याच जातीचे प्रसंग आहेत. छोटा कॅमेरा या प्रसंगांसाठी घ्यायचा असतो. मोठा बिघडला तर हाताशी असावा म्हणून ज्याला दुसरा कॅमेरा हवा आहे, त्याने आपल्याच लेन्स बसतील अशी दुसरी बॉडी घ्यावी. ती गरज वेगळी आहे.

यातून पहिली कसोटी निघते ती खिशाची. रिको जीआर ३ चे वजन बॅटरी व कार्डासह २५७ ग्रॅम आहे, सोनी आरएक्स १०० च्या सातव्या आवृत्तीचे ३०२ ग्रॅम, तर फुजीफिल्म एक्स १०० सहाव्या आवृत्तीचे ५२१ ग्रॅम. यांपैकी शेवटचा कॅमेरा देखणा आणि उत्तम आहे, पण तो खिशात मावत नाही. कोटाच्या खिशात मावेल म्हणावे, तर इंदुरात कोट घालण्याजोगे दिवस वर्षातून जेमतेम दोन महिने. दुकानात जाताना आपण रोज घालतो तीच पँट घालून जावे, कॅमेरा खिशात ठेवावा आणि खुर्चीवर बसून पाहावे. ही कसोटी हास्यास्पद वाटली तरी तिच्यामुळे यादीतली निम्मी नावे गळतात.

दुसरा प्रश्न फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्स किती रुंद दृश्य घेते याचा; मि.मी.चा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद. येथे स्वतःच्या आवडीविषयीच्या कल्पनेवर विसंबू नये, कारण ती बहुधा चुकीची असते. छायाचित्रे सांभाळण्याच्या लाइटरूमसारख्या संगणक प्रणालीत मागच्या दोन-तीन वर्षांची छायाचित्रे फोकल लेंग्थप्रमाणे गाळून पाहता येतात. त्यांतून मुद्दाम ठरवून केलेले काम वगळावे आणि घरच्या सहलींची, सणांची छायाचित्रे तेवढी मोजावीत. मला स्वतःला रुंद दृश्ये आवडतात असा माझा ठाम समज होता, परंतु मोजणी केल्यावर निम्म्याहून अधिक चित्रे ३५ ते ५० मि.मी.च्या दरम्यान निघाली. इंदूरच्या राजवाड्याचे सातही मजले, म्हणजे खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, जवळून एका चौकटीत घ्यायचे तर जीआर ३ चे २८ मि.मी. उपयोगी पडते, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आणि त्याच्या हातातले ताट घ्यायचे तर त्याच्याच जोडीच्या जीआर ३ एक्स या मॉडेलचे ४० मि.मी. अधिक नैसर्गिक दिसते. मोठ्या कॅमेऱ्याला झूम लेन्स असेल, तर छोट्याला एकाच फोकल लेंग्थची लेन्स असावी, असे माझे मत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून नातवंडे टिपायची असतील, तर मात्र हे मत बाजूला ठेवून २४ ते २०० मि.मी. झूम असलेला कॅमेरा घ्यावा.

सेन्सरच्या, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या, बाबतीत विक्रेते फार सरसकट बोलतात. ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मि.मी. असतो, ते नाव व्हिडिओ कॅमेऱ्यांतील जुन्या नळ्यांच्या मापावरून आले आहे. जीआरमधील ‘एपीएस-सी’ नावाच्या मापाचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मि.मी. असतो, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तिप्पट. परंतु रात्रीचे चित्र किती स्वच्छ येईल हे सेन्सरइतकेच लेन्सच्या अॅपर्चरवरही, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्रावरही, अवलंबून असते; एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. आरएक्स १०० च्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या आवृत्तीची लेन्स २४ मि.मी.ला एफ/१.८ पर्यंत उघडते, तर जीआरची एफ/२.८ पर्यंतच. एफ/१.८ ला सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जवळजवळ अडीचपट प्रकाश पडतो, त्यामुळे एकूण प्रकाशाचा हिशेब केला तर तिपटीचा फरक सव्वापटीच्या आसपास येऊन ठेपतो. मात्र ही जवळीक त्या एका टोकापुरतीच आहे: झूम थोडा पुढे सरकवला की तीच लेन्स एफ/२.८ वर येते आणि तिपटीचा फरक पुन्हा उभा राहतो. सहाव्या व सातव्या आवृत्तीत २०० मि.मी.पर्यंतचा झूम मिळतो, पण लेन्स सुरुवातीलाच एफ/२.८ आणि शेवटी एफ/४.५ असते, म्हणून अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झाँक्यांसाठी, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांसाठी, दिव्यांचा झगमगाट असला तरी, मी त्या घेणार नाही. हात स्थिर ठेवणारी यंत्रणा येथे अर्धीच उपयोगी पडते, कारण ती आपल्या हाताचे कंपन थांबवते, रस्त्यावर नाचणाऱ्या मुलांना थांबवत नाही.

जीआरमध्ये ‘स्नॅप फोकस’ नावाची सोय आहे. आधी अंतर ठरवून ठेवले आणि बटण एका दमात पूर्ण दाबले, की कॅमेरा फोकस शोधत न बसता त्या अंतरावर चित्र घेतो. २८ मि.मी.च्या मॉडेलवर २ मीटर आणि एफ/८ ठेवल्यास सुमारे एक मीटरपासून थेट लांबपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. दिवसाच्या गर्दीत याहून जलद काही नाही. जीआरला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, नाही, आणि मे महिन्यातल्या उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो, हेही लक्षात ठेवावे.

आता धूळ. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून सेन्सरवर ब्लोअर मारता येतो; छोट्याची लेन्स निघत नाही, आणि आतबाहेर सरकणारी नळी धूळ आत ओढते. आत जाऊन चिकटलेला कण काढायला बहुधा कॅमेरा उघडावा लागतो. मी एकदा वापरलेला कॅमेरा घाईने घेतला आणि घरी आल्यावर प्रत्येक आकाशात तोच काळा ठिपका सापडला. म्हणून जुना कॅमेरा घेताना अॅपर्चर शक्य तितके लहान करून पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे आणि ते मोठे करून कोपऱ्यापर्यंत पाहावे. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, असा कॅमेरा नेऊच नये. तेथे गुलाल हवेत उडतो आणि पंपांनी रंगीत पाणीही फवारले जाते. त्या एका दिवसासाठी १५ मीटर पाण्याखाली चालणारा ओएम सिस्टिमचा टीजी ७ योग्य ठरतो, मात्र त्याचा सेन्सर फार लहान असल्याने रोजच्या जोडीला तो मी सुचवणार नाही.

कॅमेरा घरी आणल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवावीत आणि फाइलच्या नावाची सुरुवातीची अक्षरे वेगळी ठेवावीत, नाहीतर एकाच लग्नाची छायाचित्रे संगणकावर उतरवल्यावर मुंडावळ्या बांधण्याआधीच अक्षता पडलेल्या दिसतात. दोन्हींत रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवावी, म्हणजे त्वचेचा रंग नंतर एकसारखा करता येतो. जीआर ३ ची बॅटरी प्रमाणित मोजणीत सुमारे २०० चित्रांपुरतीच टिकते, तेव्हा दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच विकत घ्यावी.