मामारी पाटीवरचं चांद्रपंचांग: मोजण्याआधी या चुका टाळा

इस्टर बेटाच्या, म्हणजे रापा नुईच्या रोंगोरोंगो लिपीवर हात चालवायला निघालेले बहुतेक लोक एकाच पाटीवर आपटतात. मामारी. ही लाकडी पाटी रोममध्ये आहे. तिच्या एका बाजूच्या सहाव्या ते नवव्या ओळींदरम्यान चांद्रमासाच्या रात्री मांडल्यात, हे जर्मन संशोधक थॉमस बार्थेलने १९५८ साली ओळखलं. विषय कळला, पण मजकूर वाचता आजही येत नाही. हा फरक पचवायची तयारी नसेल तर दुसरा छंद बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. या लिपीत खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, ओळ संपली की पाटी उलटी फिरवायची आणि पुढची ओळ वाचायची. म्हणजे फोटोत एकाआड एक ओळ डोक्यावर उभी दिसते. आता पंचांगात एक पालुपद, म्हणजे चिन्हांचा तोच तो गट, सारखं येतं आणि त्याच्या शेवटी मासा असतो. पौर्णिमेआधी त्याचं डोकं वर, नंतर खाली. मी फोटोची मोठी प्रिंट कपाटाच्या दाराला चिकटवलेली. काढून फिरवायचा कंटाळा. निम्मे मासे उलटे मोजले, शुक्ल पक्षात कृष्ण पक्ष घुसला आणि तो निस्तरायला मी चक्क ‘दुहेरी महिना’ नावाची उपपत्ती रचली. आठ दिवस, रंगीत तक्ते वगैरे. दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी कागद काढून परत उलटा लावला, तेव्हा ट्यूब पेटली. तेव्हापासून प्रिंट टेबलावरच, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी पेन्सिलीचा बाण. मोबाइलवर मान वाकडी करून मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरी चूक चंद्रकोरींची. पालुपदातही कोरी आहेत, त्या रात्री नव्हेत. घाईतली मंडळी सगळ्याच मोजतात, आकडा फुगतो, मग ३० येईपर्यंत नको त्या गाळतात. मी आधी लाल पेन्सिलीने पालुपदं खोडतो, मगच मोजतो. आणि शेजारी बेटावर नोंदवलेली रात्रींची नावं ठेवतो. अमेरिकी नौदलाच्या विल्यम थॉमसनने १८८६ मध्ये गोळा केलेली यादी त्यातलीच. काही रात्रींना स्वतंत्र नावं, काही नुसत्या ‘कोकोरे एक, कोकोरे दोन’. २८ की ३० हे भांडण फुकटचं आहे: २८ रात्री ठरलेल्या, आणि चंद्राशी मेळ बसवायला होतू आणि हिरो या जादाच्या.

आपल्याकडची खास खोड म्हणजे प्रत्येक रात्रीला तिथी चिकटवणं. तिथी सूर्य-चंद्रातल्या १२ अंशांच्या अंतरावर ठरते, तिचा क्षय होतो, वृद्धी होते. तिकडे रात्री मोजायचे. ओमोतोही म्हणजे पौर्णिमा, पण कोजागिरी नव्हे!

पाटीच्या दोन्ही बाजूंना चौदा-चौदा ओळी, म्हणून २८ रात्री? ओळी किती मावतील ते लाकूड ठरवतं.

मेतोरो या रापा नुईच्या माणसाने ताहितीचे बिशप जोसाँ यांना पाट्यांवरून म्हणून दाखवलेलं ‘वाचन’ उत्तरपत्रिका समजू नका. तो बहुतेक समोर दिसणाऱ्या चित्रांचं वर्णन करत होता.

आणि सिंधू लिपी. १९३२ साली हेवेशी या हंगेरियन अभ्यासकाने सिंधू आणि रोंगोरोंगो या दोन्ही लिपींतली चिन्हं शेजारी-शेजारी मांडली, साम्य बघून लोक हरखले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेत्रोने त्याची रेखाटनं तपासली, तर ती मूळ चिन्हांशी नीट जुळेनात. मधलं काही हजार वर्षांचं अंतर वेगळंच. तरी ते तक्ते अजून फिरतायत. मला जुळणी दाखवायची असेल तर रेखाटन नको, पाटीचा फोटो पाठवा.