इजिप्तमधल्या लक्सरची देवळं आणि थडगी बघायचा प्लॅन
शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उन्हाळ्यात लक्सर अक्षरशः भाजून काढतं. व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, नाईलच्या पश्चिमेला, तिथे सकाळी उघडल्या उघडल्या पोचा, टूर बसेस आल्या की आत नीट उभंही राहता येत नाही. साध्या तिकिटात तीनच थडगी होतात, आणि त्यात तुतनखामन, सेती पहिला आणि रामसेस सहावा या राजांची थडगी येत नाहीत, त्यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. माझं ऐकाल तर रामसेस सहाव्याचं घ्याच, कारण आतल्या दालनात मान वर केली की छतभर आकाशाची देवी नुट पसरलेली दिसते, संध्याकाळी सूर्य गिळणारी आणि सकाळी त्याला परत जन्म देणारी, आणि रंग अजून काय टवटवीत आहेत! कर्नाकचं देऊळ नाईलच्या पूर्वेला, तिथल्या १३४ खांबांसाठी दुसरी सकाळ मोकळी ठेवा. आणि हो, कार्ड जवळ असू द्या, बऱ्याच तिकीट खिडक्यांवर कॅश चालत नाही.