फौजेतल्या अपंगत्वाचा नोकरीशी संबंध कसा सिद्ध करायचा

अपंगत्व पेन्शन नाकारणाऱ्या पत्रात बहुतेक वेळा एकच शेरा घात करतो: ‘नीदर अ‍ॅट्रिब्यूटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड’. म्हणजे आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीत वाढलाही नाही. हे पत्र आलं की माणूस चिपळूण नाहीतर कुडाळच्या डॉक्टरकडून नवं सर्टिफिकेट आणतो. त्यावरून आज आजार आहे एवढंच कळतं. पुरावा नोकरीच्या काळातला लागतो.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) घरातच असतील; पावसाळ्यात ट्रंकेत बुरशी धरते, आधी स्कॅन करून घ्या. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे नोकरी सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे, सगळे कागद, जखम असेल तर इंज्युरी रिपोर्ट, हे माहिती अधिकारात १० रुपये भरून मागवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाने बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा, खलाशाने मुंबईच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे.

बोर्डाच्या कागदातलं कारणांचं सदर शब्दन् शब्द वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आणि संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. बोर्डाने नुसतं ‘कॉन्स्टिट्यूशनल’ (मूळ प्रकृतीतलाच आजार) लिहून कारण दिलं नसेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. ‘पीस पोस्टिंगमध्ये सुरुवात’ हे कारणही एकट्याने टिकू नये. शांततेच्या ठिकाणचं कामही नोकरीच आहे.

मग एका कागदावर तारखा मांडा: पहिली नोंद कधी, तेव्हा नेमणूक कुठे, काम कोणतं. इंजिन रूममधल्या खलाशाला ऐकू कमी येत असेल तर जहाजांवरची वर्षं आणि त्या काळातले ऑडिओमेट्रीचे (कानाच्या तपासणीचे) रिपोर्ट शेजारी शेजारी लावा.

सुटीतल्या अपघाताला जपा. गणपतीला आल्यावर घरच्या आंब्यावरून पडलात, तर नोकरीशी संबंध जोडणं फार कठीण. युनिट ते घर या प्रवासातला अपघात मात्र वेगळा. त्यासाठी रजेचा दाखला, तिकीट आणि पोलीस पंचनामा सांभाळा.

पहिलं अपील नकारापासून सहा महिन्यांत, दुसरं पहिल्याच्या निकालापासून सहा महिन्यांत, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. उशीर झाला असेल तरी विलंबमाफीचा अर्ज जोडून जा. फक्त थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, जुन्या सहकाऱ्याच्या अपिलाची नक्कल करू नका. अर्ज भरायला अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.