रक्तदाबाची नोंद एक्सेलमध्ये ठेवताना
वहीत १३८/८६ असे लिहिण्याची आपली सवय एक्सेलमध्ये अडचणीची ठरते, कारण अशी तिरकी रेघ असलेली नोंद संगणक आकडा न मानता मजकूर समजतो आणि तिची सरासरी निघत नाही. म्हणून वरचा आणि खालचा आकडा दोन स्वतंत्र रकान्यांत भरावा. शेजारी तारीख, वेळ आणि कोणत्या दंडावर मोजले, एवढे पुरे. सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि पुन्हा संध्याकाळी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि यंत्रावर दिसेल तोच आकडा लिहावा. (चढा आकडा गाळून ‘बरा’ येईपर्यंत मोजत राहण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तिथेच सगळी नोंद फसते.) पहिल्या दिवसाचे आकडे वगळून उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ती साधारणतः १३५/८५ किंवा त्याहून अधिक असल्यास उच्च रक्तदाब धरतात; दवाखान्यातील १४०/९० ही मर्यादा इथे लावू नये. गोळी स्वतःहून न बदलता तक्ता डॉक्टरांना दाखवावा. मात्र आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर सरासरीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.